कुमारी सुखदाचा आवाज

विमलकाकू, आपला वाद अर्धवट टाकून तुम्ही गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

तुमच्या शिरीषने मला सांगितलं, "इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आईवर लिही. जन्म, शिक्षण, बाबांच्या बदल्या, ते सगळं मी देतो." मी म्हटलं, ते तुझ्याकडेच राहू दे. मला काकूंशी बोलायचंय. तुम्हाला पोचवून मंडाईच्या स्मशानातून परत आलो त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलतोच आहे. तुआसला कामावर जाताना बसमध्ये बोलतो, जहाजांच्या यार्डात इंजिनाखाली आडवा पडलेला असताना बोलतो. तेच आता लिहून काढतोय, एवढंच.

आपली ओळख सुईवरून झाली, आठवतं? रविवारची सकाळ होती. सिंगापूरला, बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकते राहायला आलो होतो. मी माझ्या आजोबांच्या जुन्या तबकड्यांतली एक लावून बसलो होतो. दार उघडं, बाहेरचं जाळीचं फाटक बंद. कॉरिडॉरमध्ये कोणीतरी थांबलंय असं वाटलं म्हणून पाहिलं, तर नऊवारी नव्हे, अंबाडा नव्हे, सलवार-कमीज आणि पायांत स्पोर्ट शूज घातलेल्या एक आजी, हातात भाजीची पिशवी.

"सुई बदल," तुम्ही म्हणालात.

"अं?"

"गाणारीचा घसा बसलाय की तुझी सुई, ते तरी बघ. तिची काय चूक?"

मी फाटक उघडलं. तुम्ही आत आलात, पिशवी सोफ्यावर ठेवलीत आणि सुई स्वतः काढून उजेडात धरलीत. नाव-गाव विचारायचं आपल्याला चहा झाल्यावर सुचलं. तुम्ही शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या शिरीष आणि त्याची बायको मनीषा यांच्याकडच्या. शिरीष बँकेच्या आयटीत, मला तोंडओळखीने माहीत होता. त्याची आई तबकडीची सुई ओळखते, हे मात्र मला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

सांगणार तरी कसा? तुमच्या घरात त्या गोष्टीला "आईची रेडिओ स्टोरी" म्हणायचे. दिवाळीला, वाढदिवसाला कोणीतरी ती काढायचं आणि बाकीचे गालात हसायचे. तुमची नात अन्वी विचारायची, "आजी, यू वॉज फेमस, इज इट?" आणि तुम्ही म्हणायचात, "फेमस ती सुखदा. मी नुसती गायचे."

मला तुम्ही ती पूर्ण सांगितलीत, आणि दर वेळी थोडी जास्त सांगितलीत. लग्नाआधीची गोष्ट. मुंबईत डोकेदुखीच्या एका बामचा रेडिओवर पंधरा मिनिटांचा गाण्यांचा कार्यक्रम असायचा. सुखदा बाम. तेव्हा टेप हाताशी नव्हती. ॲल्युमिनियमच्या परातीएवढ्या चकतीवर काळ्या लाखेसारखा थर, आणि तुम्ही गात असताना त्याच क्षणी यंत्राची सुई त्या थरात ते गाणं कोरत जायची. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावलेल्या. मायक्रोफोन एकच. गाणाऱ्याने पुढे यायचं, ओळ झाली की पाऊल न वाजवता मागे सरकायचं, मग क्लॅरिनेटवाल्याने पुढे यायचं.

"आणि त्या सुईमागून केसासारखा काळा धागा निघायचा," तुम्ही बोटांनी हवेत तो धागा ओढून दाखवायचात. "रेकॉर्ड करणारा ब्रशने तो बाजूला करत राहायचा. गाणं कोरून उरलेली माती होती ती. मला गाण्यापेक्षा तिचंच कौतुक वाटायचं."

मधे थांबायचं नाही. खोकायचं नाही. शेवटच्या ओळीला तबलजी शिंकला तर आख्खी तबकडी वाया, आणि पुन्हा पहिल्यापासून "नमस्कार, सुखदा बाम सादर करीत आहे..." आज मी फोनवर चार शब्द रेकॉर्ड करतो, आवडले नाहीत की पुसतो. तुम्ही मला एकदा तसं करताना पाहिलंत आणि म्हणालात, "पुसता येतं म्हणून तुम्ही नीट बोलत नाही." त्यावरूनही आपलं वाजलं होतं.

चांगल्या घरच्या मुलींची नावं रेडिओवर नकोत, असं तुमच्या वडिलांचं म्हणणं. कंपनीच्या ते पथ्यावरच पडलं. गाणारीचं नाव ठेवलं कुमारी सुखदा. नावातच जाहिरात. आणि ही कुमारी सुखदा एक नव्हती, दोन होत्या. एका आठवड्याला तुम्ही, दुसऱ्या आठवड्याला तुमची मैत्रीण नलू. ऐकणाऱ्यांना कधी पत्ता लागला नाही.

"इतके सारखे होते आवाज?" मी विचारलं होतं.

"छे. पण नाव एक असलं की लोकांना आवाजही एकच ऐकू येतो."

त्या तबकड्यांच्या प्रती खोक्यांत भरून बोटीने कोलंबोला, नैरोबीला आणि इथे सिंगापूरलाही यायच्या. जिथे जिथे सुखदा बाम विकला जायचा तिथे तिथे. "मी तुम्हा सगळ्यांच्या आधी सिंगापूरला आलेय," तुम्ही मंडळातल्या नव्या पोरांना ऐकवायचात. "लाकडी खोक्यातून, भुशात बसून. ना पास, ना व्हिसा."

पुढे लग्न ठरलं आणि गाणं थांबलं. कोणी दरडावून थांबवलं असं नाही, हे तुम्ही मला बजावून सांगितलं होतंत. काकांना ठाऊक होतं, त्यांनी विषय काढला नाही, तुम्हीही काढला नाहीत. बदलीच्या गावांमधून नलूला दोन-चार वर्षं पत्रं गेली, तिची आली, मग दोघींचे संसार वाढले आणि पत्रं आटली. "भांडण झालं असतं तर लक्षात तरी राहिलं असतं," तुम्ही म्हणाला होतात, "कधी थांबलं ते."

तुमची गोष्ट खरी होती की नव्हती, याची मला चिंता नव्हती. त्या काळ्या धाग्याची कल्पना कोणी घरबसल्या करत नाही. पण शिरीषचं हसू मला खुपायचं. म्हणून मी शोधायला लागलो. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या ज्या अंकलकडे मी नेहमी जायचो, त्यांना सांगून ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि विसरले असं मला वाटलं. आणि गेल्या वर्षी एका शनिवारी त्यांनी काउंटरखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कुठल्याशा जुन्या कापडवाल्या कुटुंबाचं गोदाम रिकामं होत होतं, तिथून आलेलं.

"धिस वन टू बिग ला," अंकल म्हणाले. "कॅनॉट प्ले वन."

काकू, तबकडी होती, परातीएवढी. लेबल दमटपणाने अर्धं गेलेलं. उरलेल्या अर्ध्यावर देवनागरीत एवढंच दिसत होतं: "खदा बाम".

ते वाजवायला घरात यंत्र नव्हतं. साध्या प्लेअरवर ती तबकडी बसेचना, चहूबाजूंनी बाहेर आली. मग यार्डातल्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत मी भंगारातल्या ॲल्युमिनियमची मोठी चकती कातली, लांब दांडा केला, जाड खोबणीला चालेल अशी सुई मागवली. माझी बायको स्नेहा म्हणायची, "घरात जहाज बांधतोयस का?" तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं, रविवारी दुपारी सगळे चहाला या.

तुम्ही आलात, आणि टेबलावरचं ते पाहून दारातच थांबलात. अन्वीने तुमचा हात धरला. तुम्ही खुर्ची ओढून घेतलीत, पण बसला नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिलात. लॅपटॉप जोडला होता. थर इतका ठिसूळ झाला होता की प्रत्येक वेळी सुई थोडा खरवडणारच, म्हणून पहिल्याच खेपेला सगळं उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. मी सुई नेहमीसारखी बाहेरच्या कडेला टेकवली. नुसती खरखर आली आणि सुई घसरून बाहेर पडली.

"आतून लाव," तुम्ही म्हणालात. आवाज अगदी कोरडा होता. "ह्या आतून बाहेर वाजतात."

मी लेबलाजवळ सुई टेकवली. खरखरीतून एका पुरुषाचा मोठ्या ऐटीतला आवाज आला: "डोकं दुखतं? सुखदा लावा, सुखानं राहा!" अन्वी खुदकन हसली. मग पेटी, मग तबला, आणि मग ती.

कसा होता तो आवाज, हे तुम्हाला मी काय सांगू. नदीकाठच्या गावाचं एक साधं गाणं होतं, आणि ती पोर ते असं म्हणत होती की जणू गाव खिडकीतून दिसतंय. कुठे दाखवण्याची घाई नाही. मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. शिरीष, जो आयुष्यभर हसत आला होता, तो जमिनीवर बसून तुमच्या पावलांना हात लावत म्हणाला, "आई, सॉरी. आई, मला वाटायचं तू..." अन्वीने टाळ्या वाजवल्या. "आजी, सो नाइस ला! दॅट्स यू!"

गाणं संपलं. दुसरं लागलं, संपलं. तो ऐटबाज माणूस पुन्हा बामबद्दल बोलला. सुई बाहेरच्या कडेला पोचली.

"शिरीष," तुम्ही म्हणालात, "ही मी नाही रे. ही नलू आहे."

शिरीष म्हणाला, "आई, सत्तर वर्षांनी तुला कसं कळणार?"

"श्वासावरून. ती ओळ संपायच्या आधी श्वास घ्यायची. मास्तर रागवायचे."

तुमचा चेहरा मी त्या वेळी नीट पाहत होतो. हिरमुसलेला नव्हता. एखाद्याला स्टेशनवर घ्यायला जावं आणि गर्दीत ते माणूस दिसावं, तसा होता.

आपला वाद तिथून सुरू झाला. मंडळाने तुमचा सत्कार ठरवला. ती गाणी हॉलमध्ये ऐकवायची, मग शाल, श्रीफळ. मी तुम्हाला म्हटलं, काकू, काही बोलू नका. तबकडीवर नाव कुमारी सुखदाचं आहे आणि कुमारी सुखदा तुम्ही होतात. यात खोटं काय? नाव तुमचंही होतं.

"नाव कंपनीचं होतं," तुम्ही म्हणालात. "आवाज तिचा आहे."

"पण लोकांना काय फरक पडतो?"

"हेच तर तेव्हा कंपनी म्हणायची."

मला राग आला होता, आज कबूल करायला हरकत नाही. माझे एवढे रविवार गेले होते. शिरीष पहिल्यांदा तुमच्याकडे मान वर करून पाहत होता. आणि तुम्ही ते सगळं परक्या बाईला देऊन टाकायला निघाला होतात. मी तुम्हाला म्हणालोसुद्धा, की तुम्हाला स्वतःचाच आवाज ओळखता आलेला नाही. तुम्ही हसलात. "असेलही," म्हणालात. तेवढंच.

हॉल भरला होता. लांब पुंगोलहून कडेवर मुलं घेऊन तरुण जोडपी आली होती, बोटीवरून सुट्टीवर उतरलेले माझे दोन-तीन दोस्त मागे उभे होते. गाणी ऐकवली. टाळ्या थांबेनात. मग तुमच्या हातात माईक आला. तुम्ही तो जरा लांब धरलात, जुन्या सवयीने, आणि म्हणालात, "तुम्ही ज्या मुलीला टाळ्या दिल्यात तिचं नाव नलिनी. तिचं नाव रेडिओवर कधी कोणी घेतलं नाही. आज मी घेते. माझीही गाणी होती, पण ती मिळालेली नाहीत. मिळाली तर पुन्हा बोलवा."

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, मग आत्ता दोन ओळी म्हणा ना!"

"नाही," तुम्ही म्हणालात. "आज नलूचा दिवस आहे."

बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "नलूला शोध. लग्न होऊन सांगलीला गेली होती. पुढे गाण्याचे क्लास घ्यायची म्हणे. असली तर नव्वदीच्या घरात असेल. नसली तर तिच्या मुलाबाळांना पाठव ही गाणी. तिचंही घरात कोणी खरं मानत नसेल." मी शब्द दिला. पाच-सहा ग्रुपवर मेसेज टाकला. सांगली, मिरज, कोल्हापूर, ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे. आठवडे गेले. उत्तरं आली ती नुसती हात जोडल्याची आणि फुलांची.

मग तुमच्या हृदयाने कुरबुर सुरू केली. हॉस्पिटलमध्ये मी शिफ्ट संपवून यायचो, तुमच्यासाठी मनीषाने दिलेली मऊ खिचडी घेऊन. नाकाला ऑक्सिजनची नळी. बोलताना तुम्हाला धाप लागायची, आणि तुम्ही बोलत होतात तेव्हा माझ्या लक्षात आलं की वाक्य पुरं व्हायच्या आधीच तुम्ही श्वास घेताय. दर वाक्याला.

"काकू," मी म्हटलं, "श्वासावरून ओळखायचं म्हटलं तर..."

"ते वय आहे," तुम्ही मला तोडलंत.

"शेवटचं विचारतो. ती तुम्हीच ना?"

"तू आपली इंजिनं दुरुस्त कर," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटून घेतलेत. ओठांवर हसू होतं. ते कसलं, ते मला अजून कळलेलं नाही. शेवटचं विचारतो म्हटलं आणि ते खरंच शेवटचं ठरलं.

तुम्ही जाताना शिरीष तुमच्याजवळ होता. तो सांगतो की त्रास झाला नाही. मंडाईला अन्वीने काही बोलायचं ठरवलं होतं, इंग्रजीत लिहून आणलं होतं, पण तिथे तिने तो कागद उघडला नाही. नुसतं "बाय आजी" म्हणाली आणि मग मराठीत, कोणी न सांगता, "पुन्हा ये." त्या दोन शब्दांवर मी रडलो. तोवर मी सगळी धावपळ बघत होतो, टॅक्सी, फुलं, फोन.

मला तुमचे आभार कुठल्या गोष्टीसाठी मानावेत हे कळत नाही. माझी आई लहानपणीच गेली. परदेशात शेजारी मिळतात, दोस्त मिळतात, पण "अरे" म्हणून रागावणारं माणूस मिळत नाही. माझ्या घरी येऊन माझ्याच वस्तूंना नावं ठेवणारं माणूस मिळत नाही. हे मी तुम्हाला समोर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही विषय बदलला असतात, हे मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतं.

आणि आता तुम्हाला जे सांगायला मी हे लिहायला बसलो ते.

तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात सांगलीहून फोन आला. नलूआजींची नातसून बोलत होती, मेधा नावाची. मेसेज फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. नलूआजी आहेत, काकू. कानाला कमी ऐकू येतं, गुडघे गेलेत, पण आहेत. मी मेधाला तुमच्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, मी आजींना हळूच सांगते, दुपारी फोन करा.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. एक बारीकशी, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई पलंगावर बसलेली. कानाला मोठे हेडफोन लावलेले, बहुधा नातवाचे. त्या म्हणाल्या, "विमल गेली ना? सांगितलं मला." मी हो म्हटलं. त्यांनी हेडफोन कानांवर नीट बसवले. मग म्हणाल्या, "लाव काय ते."

मी लावलं. बामवाला बोलला, त्यांनी ओठ हलवत त्याची ओळ म्हटली. पेटी वाजली. गाणं सुरू झालं तसं त्यांनी डोळे मिटले. दोन्ही गाणी संपेपर्यंत उघडले नाहीत.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? विमल आहे ही."

मला वाटलं, ऐकण्यात काही घोटाळा झाला. मी पुन्हा विचारलं, नलूआजी, हा तुमचा आवाज नाही?

"मला माझा आवाज कळणार नाही होय? असलं गाणं मला कधी जमलं नाही. आमच्यात खरी गाणारी ती. मी आपली तिच्यामागून चालायचे." मग त्यांनी डोळे बारीक करून स्क्रीनमधून माझ्याकडे पाहिलं. "का? ती काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. तुमचं घरातलं बोलणं, हॉलमधलं बोलणं. सगळ्या लोकांसमोर तुम्ही त्यांचं नाव घेतलंत, टाळ्या त्यांच्या नावावर केल्यात, दोन ओळी म्हणायला नकार दिलात, तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. आणि ऐकता ऐकता हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, आणि मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मेधा आतून धावत आली. पदराने डोळे पुसत पुसत नलूआजी म्हणाल्या,

"खोटारडी मेली!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण "मेली" म्हणालो ते. पदर तोंडाशी तसाच राहिला.